एकोणीस ओळी

३ जून, सोमवार

आलो एकदाचे! सामान उतरवून झालं, टेम्पोवाल्याला गाडी मागे कशी घ्यायची याचे धडे बाबांनी देऊन झाले, आणि आता नव्या घरात नव्या वहीत लिहायला बसले आहे. वही बाबांनी दिली. अडतीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि रोज संध्याकाळी फेऱ्यांची नोंद लिहिली, त्यामुळे माणसानं दिवसाला चार ओळी तरी लिहिल्याच पाहिजेत असं त्यांचं ठाम मत आहे. माझ्या नव्या नोकरीचं निमित्त मिळालं आणि वही माझ्या गळ्यात पडली.

घर छान आहे. गल्ली क्रमांक सात, घर क्रमांक सतरा, वरचा मजला, दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. एकच खोट आहे, जेवणाचं टेबल डुगडुगतं. बाबांनी एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली तर दुसराच पाय उचलला गेला. आता त्या टेबलाची खैर नाही.

दुपारी नगर कार्यालयात हजर झाले. तिथला रहिवाशांच्या नोंदींचा जुना प्रोग्राम मला सुधारायचा आहे. साहेब पन्नाशीचे, बोलायला गोड. खिडकीवर दाखले देणारी एक बाई आहे. आणि कोपऱ्यात नाना, सगळ्यांत जुने कारकून, पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे. नवीन माणूस आला की आधी त्याची नोंद, म्हणून बाबांनाही बोलावून घेतलं. आमच्या दोघांच्या ओळी नानांनीच भरल्या. बाबांची भरून झाल्यावर ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग तिथे काहीतरी टाइप केलं आणि बाबांना पाणी हवं का विचारलं. बाबांना माणूस फार आवडला. बाबांना कोणीही आवडतं.

४ जून, मंगळवार

आज प्रोग्रामचं दुखणं कळलं, आणि मी खिडकीवरच्या बाईसमोरच हसले. तिनं नाक मुरडलं.

प्रोग्राममध्ये एक मोठा तक्ता आहे. एका माणसाची एक ओळ: नाव, घर, गल्ली, जन्मतारीख आणि शेवटच्या स्तंभात मृत्यूची तारीख. जिवंत माणसाची ती जागा रिकामी. स्तंभाच्या मथळ्यावर क्लिक केलं की ओळी तारखेप्रमाणे लागायला हव्यात, अगदी अलीकडची सर्वांत वर, म्हणजे दाखला मागायला आलेल्या माणसाला ताटकळावं लागत नाही. पण प्रोग्रामला तारीख ही तारीख वाटतच नाही, नुसती अक्षरं वाटतात. तो डावीकडून एकेक आकडा बघतो. त्यामुळे सगळ्या महिन्यांच्या आणि सगळ्या सालांच्या एक तारखा एका जागी, मग सगळ्या दोन तारखा. पन्नास वर्षांपूर्वी गेलेले आजोबा आणि मागच्या महिन्यात गेलेल्या काकू शेजारी शेजारी नांदतात.

साहेबांनी विचारलं किती दिवस लागतील. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत देते. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मला अशा भुवया वर गेलेल्या आवडतात.

बाबा गावभर फिरून आले. कोपऱ्यावरचा बेकरीवाला त्यांचा दोस्त झालासुद्धा. एका फेरीत.

५ जून, बुधवार

तारखा लिहिण्यात लोकांनी काय काय अकला पाजळल्या आहेत! कुणी मध्ये रेघ दिली आहे, कुणी तिरकी रेघ, कुणी टिंब. कुणी महिना शब्दांत लिहिला आहे, कुणी सालाचे दोनच आकडे टाकून हात झटकले आहेत. मी प्रत्येक तऱ्हेसाठी एकेक नियम लिहिला. एका नियमानं वाचता आली नाही तर दुसरा, दुसऱ्यानं नाही तर तिसरा. दुपारपर्यंत प्रोग्राम सगळं वाचायला लागला.

सगळं म्हणजे एकोणीस ओळी सोडून. त्या एकोणीस ओळींत मृत्यूच्या तारखेच्या जागी ‘अजून नाही’ असं लिहिलं आहे. माणूस जिवंत असेल तर जागा रिकामी ठेवावी, शब्द कशाला? नानांना विचारलं. ते म्हणाले, मी लिहिलेत, तेवढ्या ओळींना हात लावू नका. का, ते सांगेनात. सवयीचा माणूस, दुसरं काय. मी मान डोलावली आणि जागेवर येऊन मला करायचं तेच केलं. जे वाचता येणार नाही तिथे तात्पुरती आजची तारीख टाक, असं प्रोग्रामला सांगून ठेवलं. नाहीतर तो अशा ओळीपाशी येऊन अडून बसतो. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. मग सावकाश बघता येतं.

या युक्तीची चाचणी हवी म्हणून गमतीनं माझ्याच ओळीत मृत्यूच्या जागी ‘इतक्यात नाही’ असं टाइप केलं. प्रोग्राम रोज एकेक गल्ली घेईल असं करणार आहे; आमची सातवी, तिची पाळी शेवटी येईल, तेव्हा बघू काय होतं ते. घरी बाबांना सांगितलं तर ते टेबलाखालून डोकं बाहेर काढून खो खो हसले. म्हणाले, बरोबर लिहिलंस भिंगरे, मलाही इतक्यात सुट्टी देऊ नकोस.

७ जून, शुक्रवार

दिलेला शब्द पाळला. साहेबांसमोर जुन्या, बंद झालेल्या नोंदींची एक फाइल उघडली, मथळ्यावर क्लिक केलं आणि तारखा शिस्तीत रांगेला लागल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मी आणखी दोन गोष्टी घातल्या आहेत. एक, मृत्यूची तारीख पुढची असूच शकत नाही, तशी कुणी चुकून टाकली तर प्रोग्राम तिची आजची करतो. दुसरी, कामाच्या दिवशी सकाळी बरोबर दहाला तो आपोआप एक गल्ली घेतो आणि तिच्या सगळ्या तारखा नव्यानं लावतो. एका दिवशी एकच गल्ली, म्हणजे बाईंना कागदी वहीशी ताडून बघता येईल. सोमवारी गल्ली एक. सात दिवसांत काम फत्ते.

नाना मात्र माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्या ओळींचं काय केलंत, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, त्या आहेत तशाच आहेत. खोटं नाही अगदी. तक्त्यात अक्षरं तीच दिसतात, खरी तारीख आतल्या आत साठते, ओळ उघडली तरच दिसते.

१० जून, सोमवार

दहाला पहिली गल्ली लागली. कुठेही अडलं नाही. मी चहा पीत बघत होते.

घरी आले तर बाबा दारातच उभे. बेकरीवाला गेला. सकाळी पावांचे ट्रे बाहेर काढत होता आणि तिथेच खाली बसला तो उठलाच नाही. बाबांनी त्याच्याकडून रात्रीचे पाव आणायचं ठरवलं होतं. दुकानाच्या पायरीवर लोक उभे होते, असं दोनदा सांगितलं त्यांनी. त्याच गल्लीतली एक म्हातारी बाईही दुपारी गेली म्हणतात.

टेबलाला आज हात लावला नाही त्यांनी.

११ जून, मंगळवार

गल्ली दोन.

वाचनालयातल्या बाई गेल्या. शनिवारीच त्यांनी बाबांचं कार्ड करून दिलं होतं आणि एकावेळी एकच पुस्तक असा नियम असताना दोन दिली होती. बाबा ती दोन पुस्तकं मांडीवर घेऊन बसले आहेत, परत कुणाला करायची म्हणून. आणखी दोघं गेले, एक रंगारी, एक शाळेतले शिक्षक. तिघंही गल्ली दोनचे.

बाबा म्हणाले, आपण आलो आणि गावाला काय झालं. मी म्हटलं, काहीतरीच काय. पण जेवण गेलं नाही.

१२ जून, बुधवार

गल्ली तीन. आज खिडकीवरच्या बाई तणतणत माझ्याकडे आल्या. मी त्यांच्या कामात लुडबुड करते असं त्यांचं म्हणणं. दुपारी एकजण आईच्या मृत्यूची नोंद करायला आला, बाईंनी ओळ उघडली तर तारीख आधीच भरलेली. आजची. बाई त्याला म्हणाल्या, तुम्ही सकाळी येऊन गेलात का? तो म्हणाला, सकाळी तर आई भाजी निवडत होती.

मी म्हटलं, काहीतरी घोळ असेल, बघते. मथळ्यावर क्लिक केलं. वरच्या चार ओळी आजच्या तारखेच्या, गल्ली तीन. त्याखाली कालच्या तीन, गल्ली दोन. त्याखाली परवाच्या दोन. सगळ्या माझ्या तात्पुरत्या तारखा. ज्या ओळींत ‘अजून नाही’ होतं त्याच या.

चार लोक. संध्याकाळपर्यंत चौघंही. मी बाबांना विचारून खात्री केली, त्यांना आता सगळ्या बातम्या कळतात.

योगायोग. असं लिहून ठेवते. योगायोगच.

१३ जून, गुरुवार

गल्ली चार. नाना गल्ली चारला राहतात, हे मला माहीत नव्हतं. मी स्तंभ बघते, नावं वाचायची मला सवयच नाही.

साडेदहाला ते छत्री टेकत माझ्याकडे आले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. रागावले नाहीत, त्यांनी रागवायला हवं होतं. म्हणाले, माझी ओळ उघडून बघितली, तारीख पडली आहे, तेव्हा आता तुम्हाला सांगायला हरकत नाही.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. वर्षानुवर्षं हा तक्ता कधी कधी आपणहून तारीख दाखवतो. जिवंत माणसाच्या रिकाम्या जागी, अजून यायच्या दिवसाची. पहिल्यांदा दिसली ती त्यांच्या बायकोच्या ओळीत. त्यांनी चूक समजून पुसली, रात्रीत ती परत आली, आणि त्याच तारखेला बायको गेली. पुढच्या माणसाच्या वेळी त्यांनी पुसली नाही, तारखेवरच शब्द लिहिले. प्रोग्रामला ते वाचता येईनात, आणि तो माणूस आजही जगतो आहे. म्हणजे सोमवारपर्यंत जगत होता, तो बेकरीवाला. तारीख वाचता आली नाही की ती येत नाही, एवढंच मला कळलं, म्हणाले. असे एकोणीस लोक मी जपले होते.

मला रडू आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुम्हाला सांगायला हवं होतं पहिल्याच दिवशी, पण तुम्ही हसला असता. खरं आहे. मी हसले असते.

मग घरी जाऊन पडतो म्हणाले. छत्री इथेच विसरले.

१४ जून, शुक्रवार

नाना काल दुपारीच गेले. त्यांच्या गल्लीतले आणखी दोघंही.

आज नऊलाच मी कार्यालयात आले, प्रोग्राममधली ‘आजची तारीख टाक’ ही ओळ काढायला. पण दहाला चालतो तो प्रोग्राम साहेबांच्या केबिनमधल्या संगणकावर आहे. केबिनला कुलूप. साहेब काल संध्याकाळी प्रशिक्षणाला गेले, सोमवारी येणार, किल्ली त्यांच्या खिशात. फोन लागत नाही. जोडणीची तार उपटली, पण त्या संगणकाकडे तक्त्याची स्वतःची प्रत आहे. मुख्य बटण बंद केलं तर आत बॅटरीचा दिवा लुकलुकत राहिला. काचेतून बघत होते. दहाला पडदा उजळला. गल्ली पाच, चार जण.

मग उरलेल्या ओळी शोधल्या. शोधायच्या चौकटीत ‘अजून नाही’ लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नावं वाचली. गल्ली सहा, दोघं. गल्ली सात, एक. घर क्रमांक सतरा.

बाबा.

पहिल्याच दिवशी नानांनी तिथे काय टाइप केलं होतं ते हे.

बाबांच्या जागेतले शब्द पुसून बघितले. रिकामी जागा सुरक्षित राहील असं वाटलं. वीस मिनिटांत तिथे १९/०६ उमटलं. मी परत ‘अजून नाही’ लिहिलं. पण मंगळवारी गल्ली सातची पाळी आहे, आणि मंगळवारी माझा प्रोग्राम म्हणेल, वाचता येत नाही, आजची टाका. लांबच्या सालाची तारीख टाकावी तर पुढची चालत नाही, तीही आजची होते. तोही माझाच नियम. एकही फट ठेवली नाही मी. हुशार ना.

१६ जून, रविवार

सुधारणा घरी लिहून काढली. नुसती ती ओळ उडवून भागत नाही, प्रोग्राम मग अडतो आणि समोर बसलेल्याला तारीख विचारतो. साहेब काय, आजची टाकून मोकळे होतील. नीट करायचं तर आठ ओळी लागतात. आठ ओळी पाठ करून ठेवल्या आहेत, कारण केबिनच्या संगणकाला बाहेरचं काही जोडायला बंदी आहे, हातानंच टाइप करायचं.

बाबांना काही सांगितलं नाही. ते विचारत होते, भिंगरे, इतकी गप्प का. टेबलाच्या चौथ्या पायाला त्यांनी आता रबर लावलं आहे. मी त्यांच्याकडे बघत बसले होते. मान वाकवून काम करताना त्यांच्या मानेवर जी खळी पडते ती आईला फार आवडायची. मला त्यांच्यावाचून दुसरं कोणी नाही, हे मी कधी कुठे लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

१७ जून, सोमवार

साहेब नऊला येणार होते. अकराला आले. गाडी चुकली म्हणाले.

गल्ली सहाचे दोघं. त्यांतली एक तान्ह्या बाळाची आई. काल मी तिला जाऊन भेटले होते. दारात उभी राहिले, काय सांगू कळेना, पत्ता चुकला म्हणाले आणि परत आले.

साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. एक गल्ली थांबवा म्हटलं. त्यांना वाटतं मी थकले आहे. एवढं सुरेख काम झालं, उद्याची शेवटची गल्ली होऊ दे, मग चार दिवस रजा घ्या म्हणाले. जाताना कुलूप लावलं. हट्टच धरला तेव्हा म्हणाले, बरं, उद्या दहाच्या आधी येतो, बघा काय बघायचं ते.

काचेवर किती वेळ हात आपटत होते. बाईंनी ओढून नेलं.

१८ जून, मंगळवार

९.२०. केबिनच्या दाराशी. वही मांडीवर. बाबांना निघताना सांगितलं आज घरीच थांबा, जिना उतरू नका. ते म्हणाले बरं. का, ते विचारलं नाही. एकदम शहाण्यासारखं वागतात कधी कधी आणि मग मला जास्त —

९.४१. साहेब नाहीत.

९.५०. नाहीत —

९.५४. आले. हसत आले. कुलूप. किल्ल्यांचा जुडगा, एकेक किल्ली —

९.५६. आत. साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले. आठ ओळी — पाठ होत्या, बोटं चालत नाहीत, तिसरीत चूक, पुसली —

वेळ नाही. एकच ओळ घातली. ‘अजून नाही’ दिसलं तर हात लावू नको, सोडून दे. पुरे आहे. नाना सगळीकडे तेच लिहायचे. साठवलं. ९.५९.

१०.०० चालू झाला. गल्ली सात. हिरवी पट्टी सरकते आहे. देवा, देवा —

१०.०२. संपलं. शोधलं. बाबांची ओळ अगदी तळाशी, जिवंत लोकांत. आत काही नाही. कोरी.

१०.०४. फोन केला. पाच वेळा वाजला. मग उचलला! टेबलाखाली होते म्हणून वेळ लागला म्हणे. टेबल बसलं एकदाचं, आता पाण्याचा भरलेला पेला ठेवला तरी हलत नाही म्हणाले. संध्याकाळी लवकर ये, दाखवतो म्हणाले. मी हो म्हटलं. हसले आणि रडले, दोन्ही एकदम. जीव भांड्यात पडला. बाबा आहेत. आहेत माझे बाबा!

नानांची छत्री आज त्यांच्या घरी पोचवते. मग त्या आठ ओळी सावकाश, नीट.

१०.१०. जाण्याआधी सहज मथळ्यावर क्लिक केलं. सवय.

वर एक ओळ आहे. आजची तारीख. एकच.

गल्ली सात. घर क्रमांक सतरा.

पण बाबा तळाशी आहेत, मी आत्ताच पाहिलं, परत पाहिलं, तळाशीच आहेत. मग सतरा नंबरात दुसरं कोण —

अक्षरं वाचली. नानांची नाहीत ही. ‘अजून नाही’ नाही लिहिलेलं. मी शोधलं ते फक्त — मी सोडायला सांगितलं ते फक्त —

त्या बुधवारी गंमत म्हणून मीच —

बाबा दार उघडं ठेवून वाट बघत बसतील. त्यांना कुणीतरी सांगा की जिना — नाही, की टेबल मी — पेन धरवत नाही, डावा हात —

पुसते. पुसून परत लिहिते, नानांचे शब्द. माउस कुठे — वाचता येत नाही मला — इतक्यात ना